अमेरिकेतील गृहस्वामी संघ आणि सणांचा हंगाम : नियम, दिनदर्शिका आणि दाराची चौकट

प्रस्तावना

नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगपासून नववर्षदिनापर्यंतच्या पाच-सहा आठवड्यांना अमेरिकेत ‘हॉलिडे सीझन’ म्हणजेच सणांचा हंगाम असे म्हणतात. घरांवर दिव्यांच्या माळा चढतात, दारावर हिरव्या फांद्यांची वर्तुळाकार माळ टांगली जाते, दिवाणखान्यात सूचिपर्णी झाड उभे राहते. घर स्वतःचे आणि सजावटही स्वतःची, तेव्हा तिच्याबद्दल दुसऱ्या कोणी काही ठरविण्याचा प्रश्न येत नाही, असे वाचकास प्रथमदर्शनी वाटेल. परंतु ज्या देशात व्यक्तिस्वातंत्र्याचा उच्चार सर्वाधिक होतो, त्याच देशात सात कोटींहून अधिक लोक अशा घरांत राहतात की ज्यांच्या दारावर काय टांगावे, किती दिवस टांगावे आणि केव्हा उतरवावे हे शेजाऱ्यांनी निवडून दिलेले एक मंडळ ठरविते. अशा संघांची संख्या आज साडेतीन लाखांच्या पुढे गेली आहे.

हे संघ सणांच्या हंगामाचे व्यवस्थापन कसे करतात, त्यासाठी त्यांना कोणता अधिकार असतो, तो कोठे संपतो आणि सर्वांना सारखा लागू होणारा नियम प्रत्यक्षात एखाद्याच कुटुंबावर कसा येऊन आदळतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त तेथे गेलेली असंख्य कुटुंबे अशाच वसाहतींत राहत असल्याने हा विषय मराठी अभ्यासकांना सर्वस्वी परका नाही.

संघाचे स्वरूप

या संघांचे ढोबळमानाने दोन प्रकार आढळतात. पहिला प्रकार कॉन्डोमिनियमचा. यात सदनिकेच्या आतील अवकाश मालकाचा असतो; भिंतींचा बाह्यभाग, जिने, मार्गिका, छप्पर आणि जमीन ही सर्व सदनिकाधारकांची अविभक्त सामाईक मालमत्ता असते. दुसरा प्रकार होमओनर्स असोसिएशनचा म्हणजेच गृहस्वामी संघाचा. यात घर आणि त्याखालील भूखंड मालकाचाच असतो; रस्ते, उद्याने, तरणतलाव, क्लबहाउस इत्यादी संघाच्या ताब्यात असतात. मात्र घराचा रंग, कुंपणाची उंची, अंगणातील गवत यांवरही संघाचे निर्बंध चालतात.

कॉन्डोमिनियमची कल्पना अमेरिकेच्या मुख्य भूमीवर तुलनेने उशिरा आली. प्वेर्तो रिकोने १९५८ साली यासंबंधी कायदा केला, १९६० साली युटा राज्याने त्याचे अनुकरण केले आणि १९६१ साली केंद्रीय गृहकर्ज विम्याची सोय झाल्यावर हा प्रकार देशभर पसरला. महाराष्ट्राने १९७० साली संमत केलेला अपार्टमेंट मालकी कायदा याच कल्पनेवर उभा आहे. ‘घोषणापत्र’ हा त्याचा पायाभूत दस्तऐवज म्हणजे अमेरिकी ‘डिक्लरेशन’च होय. पुण्यामुंबईतील बहुसंख्य इमारती १९६०च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेल्या असल्यामुळे आपल्याकडे ‘सोसायटी’ हा शब्द रुळला आणि ‘कॉन्डोमिनियम’ वकिलांच्या टेबलावरच राहिला, एवढाच फरक.

संघाचा अधिकार दोन पातळ्यांवर चालतो, आणि हा भेद पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे. नोंदणीकृत घोषणापत्र आणि त्यातील करारबद्ध निर्बंध ही वरची पातळी. हे निर्बंध जमिनीबरोबर चालतात. घर विकत घेणारा ते वाचो अथवा न वाचो, खरेदीखताबरोबर ते त्याच्यावर बंधनकारक होतात. ते बदलावयाचे तर सर्वसाधारणपणे सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा त्याहूनही मोठ्या बहुमताची गरज असते. दुसरी पातळी संचालक मंडळाने वेळोवेळी केलेल्या नियमांची. हे नियम मंडळाच्या साध्या बहुमताने होतात आणि तसेच बदलतात. न्यायालये पहिल्या पातळीला अधिक मान देतात. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली एका सदनिकाधारक महिलेच्या तीन मांजरांच्या प्रकरणात असे ठरविले की, नोंदणीकृत निर्बंध वाजवी आहे असेच गृहीत धरले जाईल. तो अवाजवी आहे हे सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर राहील, आणि वाजवीपणा पाहावयाचा तो एका मांजरप्रेमी घरापुरता नव्हे तर संपूर्ण वसाहतीच्या दृष्टीने. सणांच्या सजावटीचे तपशील मात्र बहुधा दुसऱ्या पातळीवरील नियमांतच असतात. म्हणजेच दिव्यांच्या माळांचा प्रश्न कायद्याने नव्हे, घोषणापत्रानेही नव्हे, तर पाच-सात शेजाऱ्यांच्या एका सायंकाळच्या बैठकीत निकालात निघू शकतो.

येथे एक प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने धर्मस्वातंत्र्य आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिले असताना दारावरील धार्मिक चिन्ह काढावयास सांगण्याचा अधिकार संघाला कसा पोहोचतो? याचे उत्तर असे की, ही दुरुस्ती शासनाला बांधते, खाजगी संस्थेला नाही. आणि गृहस्वामी संघ रस्ते झाडतो, दिवे लावतो, दंड आकारतो, तरीही कायद्याच्या दृष्टीने तो खाजगीच असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली ‘शेली विरुद्ध क्रेमर’ या खटल्यात कृष्णवर्णीयांना घर विकू नये अशा करारांची अंमलबजावणी न्यायालयांमार्फत होऊ शकणार नाही असे ठरविले, हे खरे. परंतु त्या निर्णयाचा विस्तार इतर निर्बंधांपर्यंत सहसा होत नाही. रहिवाशाला जे संरक्षण मिळते ते प्रामुख्याने १९६८च्या फेअर हाउसिंग अॅक्ट या केंद्रीय कायद्यातून आणि त्यानंतरच्या राज्यांच्या कायद्यांतून. वंश, वर्ण, धर्म आणि मूळ देश यांच्या आधारे घराच्या बाबतीत भेदभाव करण्यास हा कायदा मनाई करतो. १९७४ साली त्यात लिंगाची आणि १९८८ साली अपंगत्व व मुलाबाळांचे कुटुंब यांची भर पडली.

हंगामाचे रोजचे व्यवहार

वादांकडे वळण्यापूर्वी या हंगामात संघापुढे येणाऱ्या नित्याच्या कामांचा ओझरता उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण मंडळांचा बराचसा वेळ धर्मात नव्हे तर विजेच्या तारांत जातो. कापून आणलेले झाड दिवसागणिक वाळते आणि एका ठिणगीने भडकते. म्हणून अनेक बहुमजली इमारतींत नैसर्गिक झाडास मनाई असून केवळ कृत्रिम झाडास परवानगी असते. जेथे परवानगी असते तेथे जानेवारीत ते झाड पिशवीत गुंडाळल्याशिवाय उद्वाहनातून नेऊ नये असा नियम असतो, कारण गळालेल्या सुया झाडण्याचे काम कर्मचाऱ्यांना आठवडाभर पुरते. बाहेर लावावयाच्या माळा बाह्य वापरासाठी प्रमाणित असाव्यात, एका जोडणीवर किती माळा चढवाव्यात, सामाईक विजेवर कोणी खाजगी रोषणाई करू नये, अशा सूचना निघतात. घरपोच येणाऱ्या खोक्यांचा ढीग प्रवेशदालनात साचतो आणि त्यातून चोऱ्या होतात. उत्तरेकडील राज्यांत याच सुमारास बर्फ हटविण्याचे कंत्राट सुरू होते. क्लबहाउसमधील मेजवानीत मद्य असेल तर अपघाताच्या दायित्वाचा विमा पाहावा लागतो.

कर्मचाऱ्यांना द्यावयाच्या बक्षिसाची पद्धत मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. न्यूयॉर्कसारख्या शहरात द्वारपाल, सफाई कामगार आणि इमारतीचा देखभाल-प्रमुख यांना वर्षअखेरीस प्रत्येक घराकडून रोख रक्कम देण्याचा रिवाज आहे; ती आपली दिवाळीची पोस्तच. कोणी किती द्यावे यावरून होणारी कुजबुजही तीच. काही इमारती ही रक्कम एकत्र जमवून वाटतात. त्यामुळे कर्मचाऱ्यांतील विषमता कमी होते, परंतु ऐच्छिक देणगीला वर्गणीचे रूप येते आणि मग ती न देणाऱ्याचे नाव यादीत उघडे पडते.

दिनदर्शिकेचा प्रश्न

सजावटीच्या नियमांतील सर्वांत निरुपद्रवी वाटणारे कलम म्हणजे मुदतीचे. ‘थँक्सगिव्हिंगनंतर सजावट लावावी व जानेवारीच्या मध्यापर्यंत उतरवावी’ अशा अर्थाचे कलम अनेक संघांच्या नियमावलीत आढळते. त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. मार्चपर्यंत लोंबकळणाऱ्या विझलेल्या माळा वसाहतीला अवकळा आणतात आणि घरांच्या किमतीबाबत गृहस्वामी फार हळवे असतात. हा नियम कोणत्याही धर्माचे नाव घेत नाही. तो ख्रिस्ती कुटुंबालाही तितकाच लागू होतो. २०२१ साली फ्लोरिडातील टॅम्पा परिसरातील एका वसाहतीत नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात नाताळचे दिवे लावणाऱ्या कुटुंबाला संघाने नोटीस पाठविली आणि रोज १०० डॉलर याप्रमाणे १००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकेल असे कळविले. थँक्सगिव्हिंगपूर्वी दिवे लावल्याने नियमभंग होतो, एवढाच संघाचा मुद्दा होता.

आता याच कलमाच्या शेजारी आपली दिनदर्शिका ठेवून पाहावी. थँक्सगिव्हिंग २२ ते २८ नोव्हेंबर यांच्या दरम्यान येते. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत केव्हाही येते. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आणि थँक्सगिव्हिंग २३ नोव्हेंबरला होते. २०२५ साली दिवाळी २० व २१ ऑक्टोबरला झाली, तर थँक्सगिव्हिंग २७ नोव्हेंबरला होते. दोहोंतील अंतर कधी दीड आठवड्याचे, कधी पाच आठवड्यांचे. परंतु क्रम कधीही उलटत नाही. अर्थात अशा नियमाखाली दिवाळीची रोषणाई दरवर्षी, न चुकता, नियमबाह्य ठरते. नाताळ साजरा करणाऱ्याने नियम मोडला तर तो घाईमुळे. दिवाळी साजरी करणाऱ्याला तो पाळता येणे शक्यच नाही. ईदची अडचण आणखी निराळी. अधिक मास नसलेल्या चांद्र पंचांगामुळे ती दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते आणि साधारण तेहतीस वर्षांत सर्व ऋतू फिरून येते. ज्यूंचा हनुक्का मात्र बहुधा या खिडकीत सापडतो. त्यांच्या पंचांगात आपल्याप्रमाणेच अधिक महिना असल्याने तो फार दूर जात नाही.

या नियमाचे कर्ते द्वेष्टे असतात असे म्हणण्यास आधार नाही. त्यांना ‘हंगाम’ या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असतो, इतकेच. शासनाची दिनदर्शिका मात्र अलीकडे हलू लागली आहे. न्यूयॉर्क शहरातील सार्वजनिक शाळांना दिवाळीची सुट्टी देणारा कायदा २०२३ साली झाला, पेनसिल्व्हेनियाने २०२४ साली दिवाळीस राज्याच्या सणांत स्थान दिले, आणि कॅलिफोर्नियाने २०२५ साली संमत केलेला यासंबंधीचा कायदा १ जानेवारी २०२६ पासून अमलात आला. एखाद्या संघाची नियमावली या कायद्यांनी आपोआप बदलत नाही. परंतु ‘दिवाळी हा हंगामात मोडत नाही’ असे म्हणणाऱ्या मंडळाला त्या राज्यांत पूर्वीपेक्षा अधिक स्पष्टीकरण द्यावे लागेल, हे निश्चित.

चौकटीचा प्रश्न : शिकागोतील एक खटला

मुदतीपेक्षाही नाजूक प्रश्न जागेचा. सदनिकेचे दार मालकाचे की सामाईक? बहुतेक घोषणापत्रांनुसार दाराचा आतील पृष्ठभाग मालकाचा आणि मार्गिकेकडील पृष्ठभाग व चौकट सामाईक क्षेत्रात मोडते. शिकागोतील शोअरलाइन टॉवर्स या इमारतीचा खटला याच चौकटीवरून उभा राहिला. संघांच्या व्यवस्थापनाविषयी लिहिताना तो टाळता येण्यासारखा नाही.

या इमारतीच्या नियम समितीने २००१ साली मार्गिकेसंबंधी एक नियम केला. पायपुसणी, बूट, चपला, ढकलगाड्या किंवा अन्य कोणतीही वस्तू सदनिकेच्या दाराबाहेर ठेवू नये, असा त्याचा आशय होता. (चपला दाराबाहेर काढणाऱ्या भारतीय कुटुंबाला हा नियम पहिल्याच दिवशी खटकला असता, पण तो विषय वेगळा.) विशेष म्हणजे, ज्या ज्यू महिलेने पुढे संघाविरुद्ध दाद मागितली तीच त्या वेळी नियम समितीची अध्यक्ष होती. तिच्या दाराच्या चौकटीवर मेझूझा होता. मेझूझा म्हणजे धर्मवचने लिहिलेल्या चर्मपत्राची सुरळी ठेवलेली बोटभर लांबीची डबी. धर्मनिष्ठ ज्यू कुटुंबात ती चौकटीवर बसविणे ही हौस नसून आज्ञा मानली जाते. नियम झाल्यावर तीन वर्षे तिला कोणीही हात लावला नाही. दाराबाहेरील वस्तूंच्या नियमाचा चौकटीवरील डबीशी संबंध आहे, असे कोणाच्या मनातही आले नाही.

२००४ साली मार्गिकांची रंगरंगोटी झाली. त्यासाठी रहिवाशांनी दारांवरील सर्व वस्तू काढल्या. काम संपल्यावर या कुटुंबाने मेझूझा पुन्हा बसविला, आणि संघाच्या कर्मचाऱ्यांनी तो काढून टाकला. नियमातील ‘वस्तू’ या शब्दात दारावर व चौकटीवर लावलेल्या वस्तूही येतात, असा नवा अर्थ संघाने लावला. कुटुंबाने तो पुन्हा बसवावा आणि संघाने पुन्हा काढावा, असे वारंवार घडले. त्याच उन्हाळ्यात त्या महिलेचा पती वारला. ज्यू धर्मात मृत्यूनंतर सात दिवस घरी सुतक पाळून भेटीस येणाऱ्यांना सामोरे जाण्याचा विधी असतो. निदान हे सात दिवस मेझूझा राहू द्यावा अशी विनंती कुटुंबाने केली होती. अंत्यविधीहून कुटुंब परतले तेव्हा चौकट रिकामी होती.

संघाचा बचाव कायद्याच्या दृष्टीने कच्चा नव्हता. नाताळची पुष्पचक्रे, क्रॉस, राजकीय भित्तिपत्रके, खेळाच्या संघांची निशाणे या साऱ्यांवरच नियम चालविण्यात आला होता. कोणाही धर्माला वगळले नव्हते. २००८ साली केंद्रीय अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने हे म्हणणे मान्य केले. फेअर हाउसिंग अॅक्ट अपंगांसाठी नियमात सवलत देण्याची सक्ती करतो, धर्मासाठी नाही. आणि वादी समान वागणूक नव्हे तर अपवाद मागत आहेत, असा बहुमताचा सूर होता. एका न्यायाधीशांनी मात्र भिन्नमत नोंदविले. पुढील वर्षी, नोव्हेंबर २००९ मध्ये, त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने एकमताने निर्णय फिरविला. नियम लिहिताना तो तटस्थ होता हे पूर्ण पीठानेही मान्य केले. तथापि २००४ साली त्याला दिलेला नवा अर्थ आणि सुतकातील वर्तन पाहता तो ज्यू कुटुंबाला उद्देशून जाणूनबुजून राबविला गेला काय, हा प्रश्न ज्यूरीपुढे जाण्यास योग्य आहे असे ठरविले. घर विकत घेतल्यानंतर त्यात राहताना होणाऱ्या भेदभावालाही हा कायदा लागू होऊ शकतो, हेही त्या निर्णयाने स्पष्ट झाले. खटला चालू असतानाच शोअरलाइन टॉवर्सने आपला नियम बदलून धार्मिक चिन्हांना मुभा दिली होती, आणि शिकागो महानगराने तशी तरतूदही केली होती.

या प्रकरणात नियमाचा एकही शब्द बदललेला नव्हता. बदलला तो अर्थ, आणि तो बदलणाऱ्यांनी सभासदांना विचारले नाही. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत ‘नियमांची एकसमान अंमलबजावणी’ हा सद्गुण म्हणून शिकविला जातो. तो सद्गुण आहेच. परंतु सुतकाच्या घरावरही तो सात दिवस थांबू शकत नसेल, तर त्यातून एकसमानता सिद्ध होते की हट्ट, हा विचार करणे अगत्याचे ठरते.

मापाचे कायदे

या व अशा वादांनंतर काही राज्यांनी विधिमंडळात प्रश्न सोडविण्याचा प्रयत्न केला. फ्लोरिडाने २००८ साली कॉन्डोमिनियम कायद्यात अशी तरतूद केली की, ३ इंच रुंद, ६ इंच उंच आणि दीड इंच खोल एवढ्या मर्यादेतील धार्मिक वस्तू दाराच्या चौकटीवर लावण्याची विनंती संघाने नाकारू नये. टेक्ससने २०११ साली दारावरील व चौकटीवरील धार्मिक चिन्हांना संरक्षण दिले; मर्यादा एकूण २५ चौरस इंचांची होती. ही मापे कोणती वस्तू डोळ्यांपुढे ठेवून ठरविली गेली असतील हे सांगावयास नको. मेझूझा त्यात नेमका बसतो. दाराच्या रुंदीएवढे आंब्याच्या पानांचे तोरण बसत नाही; आकाशकंदिलाचे तर नावच नको. धार्मिक अल्पसंख्याकांना संरक्षण देणारा कायदासुद्धा ज्या अल्पसंख्याकांची तक्रार कानी आली त्यांच्याच मापाने शिवला जातो, याचे हे चांगले उदाहरण होय. टेक्ससने २०२१ साली २५ चौरस इंचांची अट काढून टाकली आणि संरक्षण दारापुरते न ठेवता घराच्या आवारापर्यंत वाढविले. तेथील उपनगरांतील भारतीय वस्ती पाहता हा बदल लहान नव्हे. कॅलिफोर्नियाचा दारावरील धार्मिक वस्तूंसंबंधीचा कायदा २०२० पासून अमलात आहे.

धर्माला संरक्षण म्हणजे आकाराला व गोंगाटालाही संरक्षण नव्हे, हे दाखविणारे प्रकरण आयडाहो राज्यातील हेडन येथे घडले. तेथील एका ख्रिस्ती कुटुंबाने सुमारे दोन लाख दिवे, जिवंत पात्रांचा येशूजन्माचा देखावा, उंट आणि प्रेक्षकांना आणणाऱ्या बसगाड्या असा नाताळचा कार्यक्रम घराच्या अंगणात २०१५ व २०१६ साली केला. रहदारी, प्रकाश आणि गर्दी या कारणांसाठी संघाने हरकत घेतली. ती निराधार म्हणता येणार नाही. पण मंडळाने कुटुंबाला २०१५च्या आरंभी धाडलेल्या पत्रात वसाहतीत इतर धर्मांचे व ख्रिस्ती नसलेले रहिवासीही आहेत, असा उल्लेख अनावश्यकपणे आला होता. त्या एका वाक्यामुळे रहदारीचा वाद धर्माचा वाद बनला. २०१८ साली ज्यूरीने कुटुंबाला ७५ हजार डॉलर देवविले, २०१९ साली न्यायाधीशांनी तो निर्णय बाजूस सारून संघाच्या बाजूने निकाल दिला, आणि २०२४ साली अपील न्यायालयाने, पत्राच्या मजकुरावरून धर्माच्या कारणाने अडथळा आणला गेला असे ज्यूरीस मानता येण्याजोगे होते, असे म्हणून प्रकरणाचा काही भाग फेरसुनावणीस पाठविला. संघाने उंटाविषयी आणि बसगाड्यांविषयीच लिहिले असते, तर नऊ वर्षांचा हा प्रवास बहुधा टळला असता.

सामाईक दालनातील सजावट

संघाच्या स्वतःच्या सजावटीचा प्रश्न थोडक्यात पाहू. प्रवेशदालनात सर्वांच्या वर्गणीतून नाताळवृक्ष उभारावा काय? १९८९ साली पिट्सबर्ग येथील सार्वजनिक इमारतींतील सजावटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४५ फुटी नाताळवृक्षाशेजारील १८ फुटी ज्यू दीपवृक्षाला मान्यता दिली, परंतु न्यायालयाच्या जिन्यावरील येशूजन्माचा देखावा घटनाबाह्य ठरविला. हा निर्णय शासनापुरता आहे. तरीही अनेक मंडळे ‘झाड चालेल, देखावा नको’ हा तोडगा त्यावरूनच उचलतात. केंद्रीय गृहनिर्माण खात्याने १९९५ साली जाहिरातींसंबंधी दिलेल्या मार्गदर्शनातही सांताक्लॉज, ‘मेरी ख्रिसमस’ यांना लौकिक स्वरूप आल्याचे मानले होते. झाड लौकिक आहे हे मत मात्र प्रायः ज्यांच्या घरी झाड असते त्यांचेच असते. आपल्या सोसायट्यांत गणपतीच्या वर्गणीबाबत ‘तो धार्मिक नव्हे, सार्वजनिक उत्सव आहे’ असा युक्तिवाद ऐकू येतो, त्याच्याशी याचे साम्य लक्षणीय आहे. फरक असा की, महाराष्ट्रात वाद मंडप, वर्गणी आणि ध्वनिक्षेपक यांचा म्हणजे सामाईक जागेचा असतो. आपल्या दारावर तोरण कोणी लावावे हे सोसायटीचा सचिव सहसा विचारीत नाही. अमेरिकेत नेमका दाराचाच वाद अधिक.

नियमाची भाषा

वरील प्रकरणांवरून असे दिसते की, सणांचे नाव घेणारा किंवा एखाद्या सणाची तारीख गृहीत धरणारा नियम अडचणीत येतो; प्रकाशाची तीव्रता, दिवे मालविण्याची वेळ, वीजजोडणीची सुरक्षितता, मार्गिकेची मोकळी रुंदी आणि एकूण दिवस यांविषयी बोलणारा नियम टिकतो. मार्गिकेत उघड्या ज्योतीला मनाई असेल तर पणतीही ठेवता येणार नाही आणि मेणबत्तीही नाही. बॅटरीवरील पणती दोघांनाही मोकळी. हा नियम कोणाच्याही श्रद्धेकडे पाहत नाही, आगीकडे पाहतो. मुदतीबाबत ‘थँक्सगिव्हिंग ते जानेवारी’ असे न लिहिता ‘कोणत्याही सणाच्या अगोदर व नंतर मिळून अमुक दिवस’ असे लिहिता येते. दंडाबाबत फ्लोरिडाने २०२४ साली गृहस्वामी संघांसाठी केलेली तरतूद व्यवहार्य आहे. सजावट मुदतीनंतर राहिली म्हणून लगेच दंड करता येत नाही. संघाने लेखी नोटीस दिल्यानंतर आठवडाभरातही ती उतरविली नाही, तरच दंडाचा विचार होतो. आठवड्याभरात बहुतेक माळा आपोआप उतरतात, कारण बहुतेक माळा द्वेषाने नव्हे तर आळसाने राहिलेल्या असतात.

तरीही काही पेच सुटत नाहीत. अमेरिकेतील अनेक भारतीय कुटुंबे वसुबारसेच्या सुमारास लावलेल्या माळा थेट नववर्षापर्यंत ठेवतात. मुलांना दिवाळी आणि नाताळ दोन्ही हवे असतात आणि नोव्हेंबरच्या थंडीत पुन्हा शिडी लावण्याची कोणाची तयारी नसते. हंगामाच्या जुन्या नियमाप्रमाणे हे कुटुंब पाच आठवडे आधी आलेले असते, आणि दिवस मोजणाऱ्या नव्या नियमाप्रमाणे डिसेंबरच्या मध्यापूर्वीच त्याचे दिवस संपलेले असतात.